विश्वासू दास आणि राज्याचे वतन : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील प्रतिफळाची कल्पना

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात शब्दयोजनेचा प्रश्न बहुधा भाषांतराच्या शुद्धाशुद्धतेपुरता पाहिला जातो. मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्दाला कोणता मराठी शब्द जवळचा, एवढ्यावर चर्चा थांबते. परंतु शब्द कोशातून येत नाहीत. ते गावातून, शेतातून, कचेरीतून येतात आणि येताना तेथील सारे संबंध बरोबर घेऊन येतात. देवाच्या राज्यात विश्वासू सेवकाला काय मिळते, या ख्रिस्ती शिकवणुकीच्या गाभ्याशी असलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीत देताना फळ, वेतन, वतन, इनाम अशा शब्दांशी गाठ पडते. यांतील प्रत्येक शब्दाने शिकवणुकीला काही दिले आणि काही अडचणही उभी केली. 'वतन' या शब्दाची कथा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

ही कथा समजून घेण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्याकडे, दिवेआगर, श्रीवर्धन व बाणकोट या टापूकडे पाहणे सोयीचे ठरते. दिवेआगर भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे ते शके ९८२ (इ. स. १०६०) च्या ताम्रपटामुळे. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. ताम्रपट कोरला जातो तो एखादा हक्क किंवा व्यवहार पुढील पिढ्यांनी नाकारू नये म्हणून. मराठी या किनाऱ्यावर लेखनात प्रथम दिसते ती अशा शाश्वत दस्तऐवजाच्या रूपात. दिवेआगरहून दक्षिणेस श्रीवर्धन व हरिहरेश्वर ओलांडले की सावित्रीची खाडी लागते आणि खाडीपलीकडे बाणकोट. १७५६ पासून बाणकोट इंग्रजांकडे होते. उलट खाडीच्या उत्तरेचा श्रीवर्धन-दिवेआगरचा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात मोडत होता व १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तसाच राहिला. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनमध्ये धर्मप्रसारास परवानगी देण्यास एल्फिन्स्टनचे सरकार नाखूश होते. त्यामुळे १८२३ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांना दक्षिण कोकणाचा रस्ता धरावा लागला. बाणकोट व हर्णै ही त्यांची ठाणी. त्यांच्यातील पहिला, डोनल्ड मिचेल, त्याच वर्षी मरण पावला. पुढे रॉबर्ट नेस्बिट मराठीवरील प्रभुत्वासाठी ख्याती पावला. १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सननेही मराठीचे आरंभीचे धडे याच किनाऱ्यावर घेतले. दिवेआगरचा ख्रिस्ती वाङ्मयाशी थेट संबंध जोडण्याचा हेतू येथे नाही. धर्मोपदेशाची मराठी ज्या बोलत्या मराठीतून घडली, ती आगर, कूळ, खोत, देशमुखी व चाकरी यांची मराठी होती, इतकेच लक्षात घ्यावयाचे आहे.

आता मूळ शिकवणुकीकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टान्त सर्वपरिचित आहे. परदेशी जाणारा एक धनी तीन दासांच्या हवाली आपली मालमत्ता करतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तालांत हे मुळात वजन होते. चांदीच्या एका तालांताचे मोल सहा हजार दिनार, म्हणजे साध्या मजुराची सुमारे वीस वर्षांची मजुरी. म्हणून ज्याला 'केवळ एक' मिळाला त्याच्याही हाती आयुष्यात न पाहिलेली रक्कम पडली होती. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा ती जमिनीत पुरतो. धनी परततो तेव्हा पहिल्या दोघांना मिळणारे शब्द अक्षरशः सारखे आहेत. पाचांचे दहा करणारा व दोनांचे चार करणारा यांच्यात धनी भेद करीत नाही. दोघांनाही आणखी मोठी जबाबदारी मिळते आणि धन्याच्या आनंदात सहभागी होण्याचे आमंत्रण मिळते. विश्वासूपणाचे माप मिळकत नव्हे, हा येथला पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. बक्षीस म्हणून विश्रांती मिळत नाही, अधिक काम मिळते, आणि त्याचबरोबर चाकराचे घरच्या माणसात रूपांतर होते.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील समांतर दृष्टान्तात दहा दासांना प्रत्येकी एकेक नाणे दिले जाते, आणि तेथे बक्षीस कमीअधिक आहे. एकाला दहा नगरांवर नेमले जाते, दुसऱ्याला पाचांवर. तेथला धनी आपल्यासाठी राज्य मिळवून आणण्यास दूर देशी गेलेला आहे. पॅलेस्टाइनच्या श्रोत्यांना इ. स. पूर्व ४ मध्ये रोमला जाऊन वडिलांच्या राज्याची मान्यता मागणारा अर्खेलाव आठवला असणार. पाश्चात्त्य भाष्यकारांना हे समजावून सांगावे लागते. श्रीवर्धनच्या श्रोत्याला ते सांगण्याची गरज पडली नसती. तेथलाच बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला होता. राज्य दूरच्या तख्ताकडून सनदेने मिळते आणि धनी दूर असताना खरा चाकर कोण ते ठरते, हा अनुभव या भूमीच्या अंगवळणी पडलेला होता.

'विश्वासू' हा शब्द मराठीला सुदैवाने लाभला. ग्रीक 'पिस्तोस' या शब्दात विश्वास ठेवणारा आणि विश्वासास पात्र असा दुहेरी अर्थ आहे. श्रद्धा आणि निष्ठा असे दोन वेगळे संस्कृत शब्द वापरले असते तर हे ऐक्य तुटले असते. 'विश्वास' आणि 'विश्वासू' यांत ते टिकते. जो देवावर विश्वास ठेवतो त्याच्यावर देव विश्वास टाकू शकतो, हा संबंध मराठी वाचकाला शब्दातच दिसतो. इमान, इमानी, निमकहलाल हे फारसी-अरबी वळणाचे शब्दही उपलब्ध होते. शिपाईगिरीच्या समाजात ते अधिक जिवंतही होते. परंतु त्यांत खाल्लेल्या मिठाला जागण्याची, म्हणजे आधी घेतलेल्याची परतफेड करण्याची कल्पना प्रधान आहे. दृष्टान्तातला दास ठेवीचा सांभाळ करतो, आणि नुसताच सांभाळ नव्हे. पौलाने करिंथकरांस लिहिताना कारभाऱ्याच्या अंगी विश्वासूपणा असावा असे म्हटले आहे. प्रचलित मराठी अनुवादात तेथे 'कारभारी' हाच शब्द आहे. कारभारी मालक नसतो, पण मालकाच्या गैरहजेरीत त्याच्या नावाने निर्णय घेतो. त्याच्या विश्वासूपणात धाडस अंतर्भूत असते.

नेमके येथेच तिसऱ्या दासाचे वर्तन सामान्य शहाणपणाला चकवते. ठेव जमिनीत पुरणे ही तत्कालीन ज्यू विधिशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित तजवीज मानली जात होती. तालमूदमध्ये पैशाच्या राखणीचा तोच उपाय सांगितला आहे. चाचेगिरी आणि स्वाऱ्या यांच्या सावटाखाली शतके काढलेल्या कोकण किनाऱ्यालाही ही रीत परकी नाही. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या एका पोफळीच्या बागेत खोदकाम करताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणेशाचा सुवर्णमुखवटा व दागिने निघाले. ज्या कोणी ती पेटी पुरली त्याने अविश्वासूपणा केला असे कोणी म्हणणार नाही. उलट त्याच्या दूरदृष्टीमुळेच ती मूर्ती पुन्हा दर्शनास आली. मग दृष्टान्तातील दासालाच दोष का? कारण त्याला दिलेली आज्ञा राखणीची नव्हती. पुरलेले धन सुरक्षित राहते, पण धन्याचे काम थांबते. येथे सावधपणा आणि विश्वासूपणा यांची फारकत केलेली आहे, आणि ती मान्य करणे कोणत्याही काळच्या प्रापंचिक माणसाला जड जाते.

दासाने दिलेले कारण याहून अधिक अडचणीचे आहे. धनी कठोर आहे, जेथे पेरले नाही तेथे कापणी करतो, म्हणून भ्यालो, असे तो म्हणतो. कोकणातील श्रोत्याच्या कानावर हे वाक्य पडले असेल तेव्हा त्याला ते कुळाने खोताबद्दल काढलेल्या उद्गारासारखेच वाटले असेल. अर्धेलीने पिकाचा निम्मा वाटा, तिर्धेलीने तिसरा वाटा, वर वेठ. जेथे पेरले नाही तेथे कापणी करणारा म्हणजे कोण, हे त्याला दृष्टान्तावाचून ठाऊक होते. याच रायगड, तत्कालीन कुलाबा, जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी जमिनी न कसण्याचा संप चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. या पार्श्वभूमीवर दृष्टान्तातला धनी म्हणजे देव असे सरळ समीकरण मांडणारा उपदेशक श्रोत्यांच्या अनुभवाला छेद देत होता, हे नाकारता येत नाही.

विल्यम हर्झॉग या अमेरिकन अभ्यासकाने १९९४ मध्ये या दृष्टान्ताचा अर्थच उलटा करून दाखविला. त्याच्या मते तिसरा दास हाच खरे बोलणारा असून शोषणात भाग घेण्यास नकार दिल्याची शिक्षा तो भोगतो. हे वाचन लक्षवेधी आहे, आणि कोकणच्या संदर्भात तर विशेषच. तरीही ते पूर्णतः पटण्यासारखे नाही. शुभवर्तमानकाराने हा दृष्टान्त जागृत राहण्याविषयीच्या दृष्टान्तमालेत गुंफला आहे, आणि लगेच पुढे येणारे न्यायाचे चित्र भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, तुरुंगातल्याला भेट या कसोट्यांवर उभे आहे. धन्याने परतल्यावर काय हिशेब मागितला, याचे उत्तर मत्तयाने त्या पुढच्या चित्रात दिले आहे असे मानले तर दृष्टान्तातील व्यापार हा सावकारीचा राहत नाही. शिवाय दासाचे धन्याविषयीचे वर्णन खोटे ठरते ते पहिल्या दोघांच्या अनुभवाने. ज्याला तो कठोर म्हणतो तोच त्यांना आपल्या आनंदात ओढून घेतो. खोताने कुळाला आपल्या पंगतीला बसविल्याचे उदाहरण चरीच्या शेतकऱ्याने ऐकले नसावे. दृष्टान्तातला धनी खोतापासून वेगळा होतो तो या एका ठिकाणी, आणि उपदेशकाने बोट ठेवायला हवे तेही याच ठिकाणी.

प्रतिफळाच्या शब्दांकडे आता अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. मराठी धर्मभाषेत सर्वांत सहज उपलब्ध शब्द होता तो 'फळ'. पण फळ म्हटले की कर्म येते, आणि कर्मफळात देणारा कोणी लागतच नाही. बीजातून जसे झाड, तसे कर्मातून फळ. ख्रिस्ती शिकवणुकीत मात्र दाता हाच केंद्रस्थानी आहे. पर्वतावरील प्रवचनात दान, प्रार्थना व उपवास गुप्तपणे करण्यास सांगितले आहे, आणि त्याचे कारण गुप्त ते पाहणारा पिता फेडील हे आहे. 'प्रति' हा उपसर्ग लावून घडविलेला 'प्रतिफळ' हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यात समोरून कोणीतरी देत असल्याचा भाव येतो. 'पुण्य' हा शब्द तर बहुतेक प्रॉटेस्टंट लेखक जपूनच वापरतात, कारण पुण्य साठते, त्याचा संचय होतो आणि तो संपतोही.

सतराव्या शतकाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे हा पेच वेगळ्या प्रकारे होता. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापल्या गेलेल्या क्रिस्तपुराणात त्यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोचपणे योजला. ओवी, पुराणाची बैठक आणि वैष्णव संज्ञा घेऊनच नवी कथा सांगायची, ही त्यांची भूमिका. तीन शतकांनी पंडिता रमाबाईंनी नेमका उलट मार्ग धरला. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी रूप सिद्ध करताना वेदान्ताच्या छटा वाहणाऱ्या संस्कृत संज्ञा त्यांनी कटाक्षाने टाळल्या आणि साध्या, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा मराठीचा आग्रह धरला. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या विदुषीनेच संस्कृत संज्ञांपासून सावध राहावे यात विसंगती नाही. त्या शब्दांत किती काय भरले आहे हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

याउलट 'वतन' या शब्दावर तत्त्वज्ञानाचा भार नव्हता. होता तो समाजव्यवस्थेचा. डोंगरावरील प्रवचनातील सौम्य जनांविषयीच्या आशीर्वचनात प्रचलित मराठी बायबल त्यांना पृथ्वीचे 'वतन' मिळेल असे म्हणते. जेथे मुळात वारसा आहे तेथे मराठीत पुष्कळदा वतन आले. ही निवड मोठ्या मर्मज्ञतेची होती. वतन म्हणजे मजुरी नव्हे. ते रोजच्या कामाच्या मापाने मिळत नाही. ते कोणीतरी दिलेले असते, पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि ज्याच्याकडे ते असते त्याला गावात स्थान व नाव असते. सेवा त्याच्याशी जोडलेली असते, पण सेवेच्या बदल्यात ते विकत घेतलेले नसते. देवाच्या राज्यातील प्रतिफळ हे कमावलेले नसून पुत्रत्वामुळे लाभलेले आहे, हा पौलाचा विचार मांडण्यास याहून बरा शब्द मराठीत सापडला नसता. वतनाची ओढ किती तीव्र असते तेही या भूमीला माहीत होते. बाळाजी विश्वनाथाच्या भट घराण्याकडे दंडा-राजपुरीची देशमुखी होती, आणि सिद्दीच्या जाचामुळे त्या घराण्याला हा मुलूख सोडून देशावर जावे लागले. पुढे साऱ्या मराठी राज्याचा कारभार हाती आला तरी मूळ वतनाची ओळख पुसली गेली नाही.

पण हा शब्द ऐकणाऱ्यांचे कान सारखे नव्हते. उच्चवर्णीय धर्मांतरिताच्या दृष्टीने वतन म्हणजे त्याने गमावलेली वस्तू. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे जातिबहिष्कृत माणसाचा वडिलार्जित मिळकतीवरील हक्क जात असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ही हानी कायद्यापुरती थांबविली, पण घर, नाते व पंगत यांवर कायदा चालत नव्हता. बाबा पदमनजींचे आत्मचरित्र किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ही किंमत कळते. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. अशा माणसाला स्वर्गीय वतनाचे अभिवचन हे थेट सांत्वन होते. जे गेले त्याच्या जागी दुसरे, न जाणारे मिळणार होते.

अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत जे मोठ्या संख्येने आले ते मात्र मुख्यतः महार व मांग समाजांतील होते. त्यांच्याकडेही वतन होते. महार वतन म्हणजे गावकी. रात्री-अपरात्री हाक येताच धावायचे, सरकारी बोजे व निरोप वाहायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि त्या बदल्यात बलुत्याचा अनिश्चित वाटा व तुटपुंजी जमीन. १८७४ च्या वतन कायद्याने या बांधिलकीला सरकारी शिक्का मिळाला. तिच्या विरोधात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि ही वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ज्याच्या लेखी वतन ही गळ्यातील साखळी होती त्याला मंदिरात वाचलेला तो शब्द कसा वाटला असेल? एकच शब्द देशमुखाच्या मुलाला घरी बोलावीत होता आणि महाराच्या मुलाला वेसकराच्या हाकेची आठवण देत होता. ख्रिस्ती झाल्यावर वतनाची कामे, विशेषतः गावदेवाच्या उत्सवाशी जोडलेली कामे, करावीत की नाहीत हा प्रश्न खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढे प्रत्यक्ष उभा होता. कामे सोडली तर बलुते जाई. विश्वासूपणा कोणाशी आणि त्याचे प्रतिफळ कोणाच्या हातून, हा प्रश्न तेथे प्रवचनाचा विषय उरत नव्हता. तो सुगीच्या खळ्यावर सुटत असे, किंवा सुटत नसे.

मराठी ख्रिस्ती टीकेने या विरोधाची पुरेशी दखल घेतलेली नाही. शब्द बदलावा असा याचा अर्थ नव्हे. वतनाच्या कल्पनेला शुद्ध करणारा भाग त्याच ग्रंथात आहे, आणि तो म्हणजे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त. सकाळपासून राबलेले, दुपारी आलेले आणि शेवटच्या तासाला घेतलेले, सर्वांना सारखी मजुरी मिळते. पहिले कुरकुरतात. मळ्याचा मालक ठरलेल्यात काही कमी करीत नाही, पण शेवटच्याला पहिल्याइतके देण्याचा आपला हक्कही सोडत नाही. येथे वतनातील ज्येष्ठ-कनिष्ठाचा क्रमच मोडला जातो. पिढीजात मानपान, कोणाचा पहिला नारळ, कोणाचा पहिला विडा, ज्यावरून गावोगाव तंटे झाले, ते सारे या एका संध्याकाळच्या वाटपात निरर्थक ठरते. गंमत अशी की 'वेतन' हा शब्द पौल पापाच्या बाबतीत वापरतो. पाप आपल्या शिपायाला रोख मोजून देते आणि ते वेतन मरण असते. देव देतो ते मात्र कृपादान. लूकच्या सतराव्या अध्यायात तर आज्ञेप्रमाणे सर्व केल्यावरही स्वतःला निरुपयोगी दास म्हणण्यास सांगितले आहे.

मग प्रतिफळाचा एवढा उल्लेख कशासाठी? या प्रश्नावर सोळाव्या शतकात पश्चिमी ख्रिस्तमंडळी दुभंगली. लूथरने कृत्यांना तारणाचे कारण मानण्यास नकार दिला. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कृपेने केलेल्या सत्कृत्यांना योग्यता असते असे ठरविले. दोन्ही पक्षांनी आधार घेतला तो ऑगस्टीनचा. देव माणसाच्या योग्यतेला मुकुट घालतो तेव्हा वस्तुतः स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालतो, अशा आशयाचे त्याचे प्रतिपादन आहे. स्टीफन्स एका परंपरेचे, बाणकोटचे स्कॉटिश व नगरचे अमेरिकन दुसऱ्या परंपरेचे. मराठी वाचकाला मात्र या वादापेक्षा वेगळाच आक्षेप सुचणे स्वाभाविक होते. गीतेने फलाशा सोडण्यास सांगितले. मग बक्षिसाच्या आशेने केलेली सेवा ही कनिष्ठ प्रतीची नव्हे काय? एकोणिसाव्या शतकातील वादविवादांच्या वातावरणात हा आक्षेप सुशिक्षित हिंदू वाचकाच्या मनात असणारच होता. त्याला उत्तर द्यायचे तर प्रतिफळाचे स्वरूप पाहावे लागते. धन्याच्या आनंदात भाग हे जर बक्षीस असेल तर ते सेवेच्या बाहेरचे काही नाही. मुलाने बापाच्या शेतात राबावे आणि बापाच्या शेजारी जेवायला बसावे, यात फलाशा कोणती?

हे उत्तर सर्वांत समर्थपणे दिले ते धर्मशास्त्र्यांनी नव्हे, तर नारायण वामन टिळकांनी, आणि तेही तर्काने नव्हे. टिळकांचा वारकरी परंपरेशी असलेला जिव्हाळा प्रसिद्ध आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे ते सांगत. तुकोबांचे पाईकाचे अभंग विश्वासू दासाच्या कल्पनेला मराठीत आधीच घर करून देणारे आहेत. तेथला पाईक जिवाची पर्वा न करता स्वामीसाठी पुढे होतो, आणि स्वामीशी एकरूप होणे हीच त्याची मिरास असते. मोक्षालाही नकार देऊन सेवा मागणारी ही परंपरा टिळकांच्या रक्तात होती. म्हणूनच पगारी धर्मसेवेचा प्रश्न त्यांना सतावीत राहिला. अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत त्यांनी दोन दशके काढली. धर्मशिक्षण, कीर्तने, 'ज्ञानोदया'चे संपादन हे सारे त्या काळातले. परंतु परदेशी मंडळीच्या पैशावर चालणारा उपदेशक हा लोकांच्या डोळ्यांना प्रभूचा दास न दिसता साहेबाचा नोकर दिसतो, ही त्यांची खंत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत ही त्यांची कल्पना.

'दरबार' या शब्दाची निवड सहज झालेली नाही. देवाचे राज्य ही कल्पना बहुतेक मराठी उपदेशकांनी भविष्यकाळात ठेवली, जणू ती लांबची जहागीर. टिळकांनी ती दरबार म्हणून वर्तमानात आणली. दरबारात राजा समोर असतो. तेथे हजर राहणे हाच मान आहे. वेतन सोडून दरबारात जाणे ही कृती म्हणजे दृष्टान्तातील शेवटच्या आमंत्रणावरचे भाष्यच होय. अर्थात दरबार ही संस्था म्हणून टिकली नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि तिचा आधारस्तंभ गेला. नफ्यातोट्याच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हा प्रयोग फसलेला दिसेल. पाचांचे दहा झाले नाहीत. परंतु दोनांचे चार करणाऱ्यालाही तेच शब्द ऐकायला मिळाले होते.

धन्याच्या परतण्याआधीच जो दास जातो त्याचे काय, हा प्रश्न दृष्टान्त विचारीत नाही. प्रत्यक्षात तो वारंवार उभा राहतो. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाच्या मंदिरावर २४ मार्च २०१२ रोजी पहाटेच्या सुमारास दरोडा पडला तेव्हा पहाऱ्यावरच्या दोघांनी प्राण गमावले. सोने चोर फोडून नेतात हे शुभवर्तमानाने बजावलेच आहे, पण राखणदाराच्या हिशेबाविषयी तेथे वेगळे काही सांगितलेले नाही. जागे राहणाऱ्या दासांना धनी स्वतः कंबर बांधून वाढील, असे लूकच्या बाराव्या अध्यायातील चित्र आहे. साऱ्या प्रतिफळविचारातील सर्वांत धीट प्रतिमा ती हीच. बक्षीस देणारा तेथे सिंहासनावर बसलेला नाही. तो वाढप्याच्या जागी उभा आहे, आणि रात्रभर ताटकळलेले चाकर पानावर बसले आहेत. मराठी घरातील पंगतीची रीत माहीत असलेल्याला या उलटापालटीचे मोल अधिक कळावे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासातही काम पूर्ण झालेले न पाहता गेलेल्यांची उदाहरणे आहेत. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. त्यांचे संपूर्ण बायबल मुक्ति मिशनच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर आले. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले, पण दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते गेले नाहीत. बाप्तिस्म्याच्या बातमीने कोसळलेल्या, अक्षरओळखीपलीकडे शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागे ते हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. अखेरचा भाग मुलगा देवदत्त याने पुरा केला, आणि ग्रंथ १९३८ मध्ये छापून आला.